थांबलेल्या गाडीचा वारा

गाडी बंद करून किल्ली काढली तरी समोरून वाऱ्याचा आवाज येत राहतो. उन्हाळ्यात तर हमखास. पार्किंगमध्ये शिरावं, दिवे मालवावेत, मागच्या सीटवरच्या पिशव्या उचलाव्यात आणि दार लावता लावता लक्षात यावं की बॉनेटखाली कुणीतरी अजून कामावर आहे. वीस-तीस सेकंद, कधी मिनिटभर. मग आवाज उतरतो, पात्यांचे शेवटचे दोन-तीन फेरे वेगवेगळे ऐकू येण्याइतके सावकाश होतात आणि सगळं शांत होतं. तो पंखा थांबेपर्यंत मी जागची हलत नाही. वरच्या मजल्यावरची मुलं खेळता खेळता विचारतात, "मावशी, काही विसरलं का?" मी नुसती मान हलवते. मला तो आवाज पुरता ऐकायचा असतो.

इंजिन थांबलं म्हणून त्याची धग थांबत नाही. गॅस बंद केल्यावरही तवा तापलेला असतो आणि शेवटची भाकरी त्या उरलेल्या आचेवर भाजून निघते, तसंच इथे होतं. बहुतेक गाड्यांत पाणी फिरवणारा पंप इंजिनच्याच जोरावर चालतो, त्यामुळे इंजिनबरोबर तोही थांबतो. आतलं पाणी जागच्या जागी उभं राहतं आणि धातूत साठलेली उष्णता त्यात उतरत जाते. बंद केल्यानंतरची पहिली काही मिनिटं पाण्याचं तापमान उलट थोडं चढतं. माझ्या जुन्या गाडीत तेवढ्यापुरता एक सेन्सर जागा राहतो आणि त्याच्या सांगण्यावरून पंखा फिरतो. सगळ्या गाड्यांत ही सोय नसते. ज्यांत असते, त्यांचे मालक कधीकधी घाबरून गॅरेजला फोन करतात की गाडी बंद आहे आणि आतून आवाज येतोय.

आपण गाडीबद्दल बोलतो तेव्हा ती किती पळते, किती ॲव्हरेज देते हे बोलतो. ती तापते किती, याचा विचार ती तापून उभी राहिल्याशिवाय होत नाही. खरं तर इंजिनची सगळी गोष्ट तापण्याचीच आहे. पेट्रोल पेटतं त्या क्षणी सिलिंडरच्या पोटात २,००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. म्हणजे ज्या धातूचं इंजिन घडवलं तो धातू पाणी होऊन जाईल इतकी आग त्याच्या आत मिनिटाला हजारो वेळा पेटते आणि विझते. तरी इंजिन टिकतं, कारण सिलिंडरच्या भिंतींच्या मागून पाण्याच्या वाटा काढलेल्या आहेत. जळालेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता चाकांच्या कामी येते, तेवढीच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते आणि जवळजवळ तेवढीच पाण्यात उतरते. हा तिसरा वाटा कुणाच्या उपयोगाचा नाही. पण तो वेळच्या वेळी बाहेर गेला नाही, तर पहिला वाटाही मिळणार नाही.

पाणी म्हणतो ते खरं तर कूलंट. त्यात ग्लायकॉल मिसळलेलं असतं, गंज धरू नये म्हणून आणखी काही असतं. रेडिएटरचं झाकणही नुसतं झाकण नसतं. आत साधारण एक बारचा दाब धरून ठेवण्याचं काम ते करतं आणि त्या दाबामुळे शंभरला उकळणारं पाणी एकशेवीसच्या आसपास गेलं तरी द्रवच राहतं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये ते यासाठी. झाकण सुटताच दाब जातो आणि द्रव म्हणून दबून राहिलेलं पाणी एका क्षणात उकळून वाफेसकट हातावर, तोंडावर येतं. ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे.

आणि मग पंखा. रेडिएटरच्या मागे प्लास्टिकच्या चौकटीत बसलेली पाच-सात पाती आणि मधोमध मुठीएवढी मोटर. गाडी महामार्गावर ऐंशीच्या वेगाने चाललेली असते तेव्हा हा पंखा बहुतेक वेळ बंद असतो. समोरचा वारा आपणहून जाळीतून आत घुसतो आणि पाणी निववून जातो. पंख्याची गरज लागते ती गाडी उभी राहिली की. सिग्नलला, टोलनाक्याच्या रांगेत, वरातीच्या मागे, शाळा सुटल्यावर गेटसमोर. चालत्या गाडीला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीचं इंजिन मात्र धडधडतच असतं, उष्णता तयार होतच असते आणि बाहेर तर पानही हलत नसतं. अशा वेळी वारा तयार करावा लागतो. माझ्या मते गाडीतलं हे सर्वांत समजूतदार यंत्र आहे. त्याचं अर्धं शहाणपण फिरण्यात आहे आणि अर्धं न फिरण्यात. सकाळच्या गारव्यात इंजिनला स्वतःलाच तापायचं असतं, नव्वदच्या आसपास पोहोचल्याशिवाय ते नीट चालत नाही. तोवर थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट अडवून धरतो आणि पंखाही गप्प राहतो.

उभं राहिलं की तापतं, ही गोष्ट आमच्या पिढीने घाटात पाहिलेली आहे. मे महिन्यात मामाकडून परत येताना कल्याणहून नाशिकची एसटी पकडायची आणि कसारा मागे पडला की ड्रायव्हरची मान वारंवार तापमानाच्या काट्याकडे वळू लागायची. घाट चढताना वेग बैलगाडीचा आणि कष्ट मात्र पूर्ण क्षमतेचे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळतंय, समोरून वारा नाही, वरून ऊन. मग एका वळणाला बस बाजूला घेतली जायची. कंडक्टर खाली उतरून चाकाला दगड लावायचा. ड्रायव्हर बॉनेट उघडून नुसता उभा राहायचा, कारण लगेच काहीही करायचं नसतं. उतारू खाली उतरून सावली शोधायचे, कुणी डबा उघडायचं, कुणाचं पोरगं करवंदाच्या जाळीत शिरायचं. बऱ्याच वेळानं ड्रायव्हर ओलं गोणपाट झाकणावर टाकायचा, अर्धा आटा सैल करून मागे सरकायचा आणि वाफेचा फुत्कार संपला की मगच कॅनमधलं पाणी इंजिन चालू ठेवून हळूहळू ओतायचा. गार पाणी एकदम ओतलं की तापलेल्या हेडला तडा जातो, हे त्याला पक्कं माहीत होतं. आम्हा मुलांना ती विश्रांती वाटायची. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण आता, स्वतः तोच घाट चढताना आठवतो. पुढे इगतपुरीजवळ घाटनदेवीपाशी गाड्यांचा वेग कमी व्हायचा, हात जोडले जायचे. घाट संपला, इंजिन शाबूत राहिलं, याबद्दलचा तो नमस्कार असायचा.

पाण्यासाठी थांबत थांबत जाणं मोटारीच्या जन्मापासूनचं आहे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलग्यांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला गेली. शंभराहून थोडे जास्त किलोमीटर. मोटारीतून इतक्या लांबचा प्रवास तोवर कुणी केला नव्हता. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता, पंखा नव्हता. इंजिनभोवतीचं पाणी उकळून वाफ व्हायचं आणि हवेत जायचं, तेवढ्यानेच इंजिन निवायचं. त्यामुळे वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरत भरत ती गेली. इतिहासात या प्रवासाची नोंद धाडस म्हणून होते आणि ते आहेच. मला मात्र त्या बाईचं वारंवार खाली उतरून पाणी भरणं जास्त जवळचं वाटतं. आपली गाडी किती तहानलेली आहे हे तिने पहिल्यांदा मोजलं.

पुढे विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने १९०१ सालच्या मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्याच्या घडणीचा रेडिएटर केला. सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडलेल्या आणि गाडी सावकाश चालताना हवा कमी पडू नये म्हणून त्यामागे एक छोटा पंखा. सव्वाशे वर्षांत धातू बदलले, आकार बदलले, पण मांडणी तीच राहिली. पुढे जाळी, मागे पंखा. माझ्या गाडीच्या बॉनेटखाली मी डोकावते तेव्हा दिसतं ते यापेक्षा फार वेगळं नसतं.

मधला बराच काळ हा पंखा इंजिनलाच पट्ट्याने जोडलेला असे. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना बॉनेट उघडताच समोर फिरणारी ती पाती आठवतील. त्या व्यवस्थेत एक अडचण होती. इंजिन जोरात फिरलं की पंखा जोरात, इंजिन हळू की पंखाही हळू. म्हणजे रिकाम्या रस्त्यावर, जिथे गरज नाही तिथे तो भरपूर वारा घालायचा आणि दादरच्या गर्दीत, जिथे खरी गरज तिथे रेंगाळायचा. १९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीय घरांत विजेवर चालणारा पंखा आला. त्याचं कारण गाडीच्या रचनेत होतं. इंजिन आडवं बसवलं की पट्ट्याची बाजू चाकाकडे जाते आणि पंखा इंजिनला थेट जोडता येत नाही. मग त्याला स्वतःची मोटर द्यावी लागते. मोटर दिली आणि तो इंजिनच्या वेगापासून सुटला. हवा तेव्हा फिरायचं, नको तेव्हा थांबायचं. ट्रकवाल्यांनी वेगळी वाट धरली. तिथे पंखा इंजिनवरच राहिला, पण मध्ये सिलिकॉन तेलाची पकड आली. रेडिएटरमागची हवा तापली की ती पकड घट्ट होते. घाट चढणारा लोड ट्रक मध्येच एकाएकी घोंघावू लागतो, तो आवाज बऱ्याचदा या पंख्याचा असतो.

ज्यांच्या घरी बजाज चेतक होती, त्यांनी तर इंजिनचा पंखा रोज चालवला आणि अनेकांना त्याचा पत्ताच नव्हता. मोटारसायकलचं इंजिन उघड्यावर असतं, वारा त्याच्या अंगावरून जातो. स्कूटरचं इंजिन उजव्या बाजूच्या डिक्कीसारख्या फुगीर पत्र्याखाली झाकलेलं. तिथे वारा पोहोचणार कसा? म्हणून फ्लायव्हीललाच पाती काढलेली असत आणि इंजिन फिरलं की ती सिलिंडरवर हवा फेकत. मेस्त्रीने पत्रा काढला की त्या पात्यांवरची जाळी दिसायची आणि तिच्यात अडकलेला कचरा.

आता माझ्या गाडीकडे येते. मार्च संपत आला होता. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला काटा मध्याच्या वर सरकलेला दिसला. सिग्नल सुटून गाडी धावू लागली तसा तो खाली आला. पुढच्या सिग्नलला पुन्हा वर. एसीही उभ्या गाडीत गरम हवा टाकू लागला. उभं असताना चढणारा आणि धावताना उतरणारा काटा बरंच काही सांगतो. धावताना वारा मिळतोय आणि पाणी निवतंय, म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटर बऱ्यापैकी मोकळा आहे. कमी पडतोय तो उभ्या वेळचा वारा. उलट भर वेगात काटा चढत गेला असता, तर संशय थर्मोस्टॅटवर, पंपावर, तुंबलेल्या रेडिएटरवर गेला असता. मी एसी बंद केला, हीटर पूर्ण लावला, काचा खाली केल्या. हीटरही इंजिनची उष्णता ओढून घेतो. नाशिकच्या उन्हात हीटर लावून बसणं सोपं नाही, पण काटा थांबला आणि मी काकांच्या गाळ्यापर्यंत पोहोचले.

काका ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना वायरमनकाका म्हणतात. गाळा एवढासा. भिंतीला वायरींची भेंडोळी, एका फळीवर काढून ठेवलेल्या जुन्या मोटरी, दाराशी पाण्याचा माठ. मी म्हटलं, "काका, फॅन गेलाय. नवीन टाकायचा का?"

"गाडी आधी थंड होऊ द्या, ताई. फॅन गेलाय की नाही ते तो सांगेल."

अर्धा-पाऊण तास त्यांनी गाडीला हात लावला नाही. मग बॉनेट उघडलं आणि पहिली गोष्ट पाहिली ती कूलंटची पातळी. मला वाटलं होतं ते थेट पंख्याकडे जातील. पण पाणी कमी असेल तर सेन्सर पाण्यात राहत नाही, रिकाम्या जागेत राहतो आणि त्याला खरं तापमान कळत नाही. मग पंखा धडधाकट असूनही लागत नाही. पातळी ठीक होती. होज पाइपांच्या सांध्यांवर ओघळाचे पांढरे डाग नव्हते. मग त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ओढणी मागे घ्या. वायर लावलेली असली की हा कधीही फिरतो, किल्ली नसली तरी."

एका बोटाने त्यांनी पातं फिरवलं. ते फिरलं, पण दीड फेऱ्यात अडखळून थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा त्याच जागी. त्यांनी पातं पुढे-मागे हलवून पाहिलं, थोडा खेळ होता. "बुश," एवढंच म्हणाले, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी. तरी निकाल दिला नाही. बॅटरी जोडली, मला गाडी चालू करून एसी लावायला सांगितला. एसी लावला की पंखा लागला पाहिजे, तो तापमानाची वाट पाहत नाही. मी आत बसले, ते फ्यूजबॉक्सवर बोट ठेवून वाकले. 'टक्' असा बारीक आवाज मलाही ऐकू आला. रिले, म्हणजे पंख्याची वीज जोडणारा स्विच, ओढला होता. फ्यूज काढून त्यांनी उजेडात धरला, तार शाबूत. मग पंख्याच्या वायरीचा कपलर सोडवला आणि टेस्ट लॅम्पची टोकं त्यात घातली. दिवा लागला.

तो दिवा मी बराच वेळ पाहत राहिले. साधा पिवळा दिवा, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीएवढा. त्याचा अर्थ असा की वीज इथपर्यंत येते आहे. एसीने सांगितलं, रिलेने ऐकलं, फ्यूजने जाऊ दिलं, वायरीने पोहोचवलं. सगळ्यांनी आपापलं काम केलं आणि शेवटच्या बोटभर अंतरात काम अडलं. काकांनी कपलर पुन्हा बसवला आणि पान्याच्या दांड्याने मोटरच्या पाठीवर हलकेच टकटक केली. पंखा दचकून फिरू लागला. मला हायसं वाटलं. त्यांनी मान हलवली. "कार्बन संपलेत. ठोकलं की चिकटतात, मग चालतो. उद्या घाटात नाही चालणार."

मोटरमध्ये दोन कार्बन असतात, स्प्रिंगच्या दाबाने ते फिरणाऱ्या भागाला टेकून राहतात आणि झिजत झिजत वीज देतात. झिजणं हेच त्यांचं काम. पुरते झिजले की स्पर्श सुटतो. काकांनी कपलर उलटा करून दाखवला. पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा तपकिरी झाला होता, आतली पिन काळवंडली होती. बुश घासून जड झालेली मोटर जास्त करंट ओढते, जास्त करंटने कपलर तापतो, तापलेला कपलर सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो. "नुसती मोटर बदलली आणि हा तसाच ठेवला, तर नवीन मोटरचं नाव खराब होईल," ते म्हणाले. दोष मोटरचा होता, पण त्याचे चटके शेजाऱ्याला बसले होते.

मोटर बदलण्याचं काम त्यामानाने चटकन झालं. निगेटिव्ह पुन्हा काढली. रेडिएटर आणि पंखा यांच्या फटीत त्यांनी खोक्याचा जाड पुठ्ठा सरकवला. रेडिएटरच्या पट्ट्या इतक्या पातळ असतात की नखानेही वाकतात आणि वाकलेल्या पट्टीतून हवा जात नाही. दहाच्या पान्याने चौकटीचे बोल्ट सोडवले, वरचा होज बाजूला धरायला मला सांगितलं आणि पंखा चौकटीसकट सरळ वर उचलून घेतला. नट सोडवताना ते क्षणभर थांबले, आटे कोणत्या बाजूचे आहेत ते पाहिलं. काही मोटरींवर पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, सवयीने जोर लावला की आटेच जातात. पाती धुतली. मी पाहिलं, पात्यांमधली अंतरं सारखी नव्हती, कुठे थोडं जास्त, कुठे थोडं कमी. ते मुद्दाम तसं असतं. अंतरं सारखी असतील तर एकच सूर सतत गुणगुणत राहतो. कमी-जास्त असली की तो आवाज विखुरतो आणि कानाला त्रास होत नाही. कुणीतरी, कुठल्या तरी देशात, कागदावर एवढासा विचार माझ्या कानांसाठी केला होता.

नवी मोटर बसली, कपलर नवा लागला. पंखा फिरला तसा मी निघायची तयारी केली, पण काकांनी वहीचा एक कागद फाडून गाडीच्या तोंडाशी, जाळीसमोर धरला. कागद फडफडला आणि जाळीला चिकटून बसला. हवा आत ओढली जात होती. वायरी उलट लागल्या असत्या तर पंखा तेवढाच जोरात फिरला असता, आवाजही तसाच आला असता, पण हवा उलट, बाहेर फेकली गेली असती. फिरणारा पंखा म्हणजे बरोबर फिरणारा पंखा, असं त्यांनी गृहीत धरलं नाही. त्यानंतर एसी बंद करून गाडी उभी चालू ठेवली. काटा मध्यावर आला, पंखा लागला, थोड्या वेळाने आपणहून थांबला, पुन्हा लागला, पुन्हा थांबला. दुसऱ्यांदा थांबल्यावरच त्यांनी बॉनेट खाली घेतलं.

मी थांबले होते तेवढ्या वेळात एक टॅक्सी येऊन गेली. तिचा पंखा 'डायरेक्ट' केलेला होता. सेन्सर, रिले काही नाही, डॅशबोर्डवर एक बटण. ड्रायव्हरच्या लक्षात राहिलं की पंखा लागणार, नाहीतर नाही. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोहोचवायला ही युक्ती चांगली आहे आणि तेवढ्यापुरतीच ती असावी. पण ती कायमची करून टाकणारे पुष्कळ. मग बटण चालूच राहिलं की सकाळच्या गारव्यातही पंखा फिरतो, इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि मुळातला दोष आत तसाच राहतो. काकांनी त्या ड्रायव्हरला सांगितलं की सेन्सर तीन-चारशेचा आहे, टाकून घे. तो 'बघू' म्हणून गेला. काका काही बोलले नाहीत. माठातलं पाणी प्यायले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

आणखी एक गाडी आली होती, मोठी, पांढरी, जवळजवळ नवी. तक्रार माझ्यासारखीच. काकांनी त्याच क्रमाने सगळं पाहिलं. पाणी, पातं, रिले, फ्यूज, दिवा. या वेळी दिवा लागला नाही. ते वायर धरून मागे मागे गेले आणि एका क्लिपपाशी थांबले. तिथे उंदराने वायर कुरतडली होती. त्यांनी ती जोडली, सोल्डर केली, स्लीव्ह चढवली, क्लिपमध्ये पुन्हा बसवली. पंखा लागला. सव्वा तास गेला असेल. गाडीवाल्याने विचारलं, "काय बदललं?" काका म्हणाले, "काही नाही, वायर तुटली होती." मग पैसे सांगितले. त्या गृहस्थांचा चेहरा बदलला. "काही बदललं नाही तरी एवढे?" शेवटी त्यांनी अर्धे दिले आणि गेले. दुसरीकडे नवीन पंखा घालून घेतला असता तर कित्येक हजार लागले असते, ते त्यांनी खोका पाहून निमूटपणे दिले असते. आणि वायर तुटलेलीच राहिली असती.

हे दृश्य माझ्या मनातून जात नाही. सुटा भाग हातात दिसतो, त्याला किंमत छापलेली असते, खोका असतो. तपासणं दिसत नाही. एका बोटाने फिरवलेलं पातं, ऐकलेली 'टक्', वायर धरून मागे मागे जाणं यांचं बिल कसं करायचं? आणि म्हणून आता बऱ्याच ठिकाणी तपासतच नाहीत. पंखा चालत नाही म्हटलं की पंखा बदलतात, तरी चालला नाही तर रिले, मग सेन्सर, आणि योगायोगाने कधीतरी खरा दोष सापडतो. त्यात तरुण मुलांचा दोष मी मानत नाही. तपासण्याचे पैसे कुणी देत नसेल, तर तपासायला शिकणार कोण? काकांच्या हाताखाली एक मुलगा आहे. तो टेस्ट लॅम्प हुशारीने धरतो. पण परवा म्हणाला, "स्पेअरच्या दुकानात जास्त सुटतात." काकांनी त्याला अडवलं नाही.

हल्ली ढाब्यांवर चार्जिंगला लागलेल्या विजेच्या गाड्या दिसतात. त्यांना पेट्रोल नाही, सिलिंडर नाही, धूर नाही. तरी जोरात चार्जिंग चालू असताना उभ्या गाडीच्या पुढून पंख्याचा आवाज येतो, कारण बॅटरीही तापते आणि तिलाही उभं राहून निवावं लागतं. तेव्हा पंखे राहणार आहेत आणि ते अधूनमधून बंद पडणार आहेत. त्यांच्यापाशी थांबून नेमकं कुठे अडलंय ते पाहणारी माणसंही राहायला हवीत.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. उन्हाळा लागायच्या आधी गाडी एकदा उभ्या जागी चालू ठेवा, एसी बंद करून काटा मध्यावर येऊ द्या आणि पंखा लागतो का, लागून थांबतो का, ते ऐका. नाहीच लागला तर ज्याच्या हातात आधी पाना न येता टेस्ट लॅम्प येतो, अशा माणसाकडे जा. आणि तासभर वाकून, वायर धरत धरत जाऊन त्याने सांगितलं की पंख्याला काहीही झालेलं नाही, तर त्याचे पूर्ण पैसे द्या.